वायर थोडी सैल सोडा

पॅनेल बनवणारा कुठलाही कारखाना घ्या, भोसरीतला, सातपूरचा नाहीतर वाळूजचा. त्याच्या माहितीपत्रकात पॅनेलचे जे फोटो असतात, त्यांत पॅनेलचं दार सताड उघडं असतं आणि डक्टची झाकणं मात्र न चुकता लावलेली असतात. नारिंगी माउंटिंग प्लेट, तिच्यावर करड्या डक्टच्या आडव्या-उभ्या रेघा, मधल्या चौकटींत ओळीने उभे कॉन्टॅक्टर आणि रिले. वायर दिसते ती बोटभर, डक्टच्या फटीतून निघून टर्मिनलच्या स्क्रूखाली शिरेपर्यंत. बाकी सगळी झाकणाआड. पाहुणे यायच्या आधी घाईने लोटलेल्या कपाटाचं जे काम, तेच या झाकणाचं. म्हणून इन्स्पेक्शनला आलेला मुरलेला साहेब प्लेटकडे बघत बसत नाही. तो वाकतो आणि सगळ्यात खालच्या डक्टचं झाकण उचकटतो. खालच्याच का, तर तिथवर पोचेपर्यंत वायरमनची शिफ्ट संपत आलेली असते.

ज्यांचा पॅनेलशी संबंध सोसायटीतला पंप बंद पडल्यावरच येतो, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मशीन कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं, मोटर किती वेगाने फिरवायची, जाळी उघडी असताना प्रेस खाली येऊ द्यायचा नाही, हे सगळं जिथे ठरतं ती पत्र्याची पेटी म्हणजे कंट्रोल पॅनेल. साखर कारखान्यात अशा पेट्यांची भिंतभर रांग असते, पिठाच्या गिरणीत एखादीच, वहीएवढी. आत येणारा सप्लाय तीन फेजचा, ४१५ व्होल्टचा. त्यातूनच पुढे ११० किंवा २४ व्होल्ट करून घेतात आणि विचार-बिचार काय तो या कमी व्होल्टेजवर चालतो. जास्त व्होल्टेजवाल्यांकडे फक्त अंगमेहनत. समाजरचनेशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.

पॅनेलमधली सगळी उपकरणं बाजारात विकत मिळतात. कॉन्टॅक्टर अमक्या कंपनीचा, ड्राइव्ह तमक्या कंपनीचा, ती ज्या पट्टीवर खटकन बसवायची ती ३५ मिलिमीटर रुंदीची डिन रेलसुद्धा जगभर एकच. मग पॅनेल बनवणाऱ्याचं स्वतःचं असं त्यात काय असतं? पत्रा आणि वायर. पत्रा रंगाखाली जातो. म्हणजे उरली वायर, आणि ती तर आपण झाकणाखाली घातली.

आमच्या शॉपमध्ये वायरिंगच्या बाबतीत शेवटचा शब्द मामांचा. कुणाचे सख्खे मामा ते कधी कळलं नाही, पण मालकही त्यांना मामाच म्हणत. नवीन पोरगा हाताखाली आला की मामा त्याला पहिली वायर कापायला सांगत: या रिलेपासून त्या टर्मिनलपर्यंत. पोरगा दोन्ही ठिकाणी बोट ठेवून सरळ रेषेत माप घेई. मामा त्या तुकड्याकडे बघून शांतपणे विचारत, "बाळा, ही डक्टमधून जाणार का उडत जाणार?" मग ते स्वतः वायर डक्टमधून वळणावळणाने फिरवून दाखवत, शेवटी टर्मिनलपाशी आणत आणि तिथून पुढे वीतभर जास्त सोडून कापत. ती वीतभर वायर कशासाठी, हे त्या दिवशी पोराला कळत नाही. मालकाला तर आयुष्यभर कळत नाही. तांब्याचा भाव त्याला पाठ असतो.

वायर कापली की इन्सुलेशन सोलायचं, नंबराचं फेरूल चढवायचं, मग टोकाला लग बसवून क्रिम्प करायचा, मग स्क्रूखाली घालून आवळायचा, आणि शेवटी वायर ओढून बघायची. क्रम महत्त्वाचा. लग आधी दाबला आणि फेरूल राहिलं, तर लगवरून ते आता चढत नाही. लग कापून पुन्हा पहिल्यापासून. या ओढून बघण्याला मामा फार जपत. मल्टिमीटरवर त्यांचा विश्वास होता, पण मनगटावर जास्त.

काही जुने लोक लगऐवजी वायरच्या टोकाला झाळ मारून देत. दिसायला चकचकीत, सुटी तार एक नाही. पण झाळकामाचा धातू मऊ. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरत जातो, दाब कमी होतो आणि आज कचकचून आवळलेला स्क्रू वर्षभरात आपोआप ढिला होतो. ढिल्या जोडाला रोध जास्त, म्हणून तो तापतो. तापला की आणखी ढिला होतो. गंमत अशी की करंट नेहमीएवढाच असल्याने एमसीबीला यातलं काही कळत नाही. तो निवांत. आधी शेजारच्या वायरींचं इन्सुलेशन तपकिरी पडतं, मग वास येतो, मग सगळे पळतात. हल्ली उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन वर्षातून एकदा पॅनेल तपासतात आणि असा स्क्रू त्यात पांढराफेक दिसतो. तेव्हा या लेखाचं शीर्षक वाचून कुणी स्क्रू सैल सोडू नयेत. सैल वायर सोडायची आहे.

लगच्या प्लॅस्टिकच्या टोपीचा रंग वायरच्या जाडीवर ठरलेला असतो. ठरलेला म्हणजे दोनदा ठरलेला. जर्मन पद्धतीत अडीच स्क्वेअरची टोपी निळी, फ्रेंच पद्धतीत करडी. जर्मनांकडे करडी म्हणजे पाऊण, आणि पुन्हा चारलाही करडीच. फ्रेंचांचं चार नारिंगी. दोन्ही देशांनी फ्रँक आणि मार्क सोडून एक चलन केलं, पण टोपीच्या रंगावर कुणी माघार घेतली नाही. आपल्याकडे हा वाद नाही. लोहार चाळीतून येताना ज्या रंगाचं पाकीट मिळालं, तो त्या पॅनेलचा रंग.

फेरुलांचा विषय निघाला की मात्र मामांचा चेहरा बदलायचा. पूर्वी एकेका इंग्रजी आकड्याची पिवळी कडी असे आणि ती सुटी सुटी वायरवर ओवायची. ६ ची कडी उलटी घातली की ९. एकटाच आकडा असेल तर निदान संशय तरी येतो. पण ६८ उलटं फिरलं की ८९ होतं, १६ चं ९१ होतं, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने. म्हणून ६ आणि ९ खाली रेघ मारायची, आणि फेरूल नेहमी डावीकडून उजवीकडे किंवा खालून वर वाचता येईल असंच घालायचं. आता फेरूल छापायची मशिनं आली. कडी उलटी पडायचा प्रश्न मिटला, अख्खं फेरूल उलटं घालायचा अजून शिल्लक आहे.

शिवाय नंबर द्यायचा कसा, यावर दोन पंथ. एका पंथात वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, म्हणजे वायर आपलं नाव सांगते. दुसरा पंथ क्रॉस फेरुलिंगवाल्यांचा. त्यांच्यात प्रत्येक टोकावर दुसरं टोक कुठे आहे ते लिहितात, म्हणजे वायर आपला पत्ता सांगते. ड्रॉइंग हरवलेल्या पॅनेलमध्ये दुसरा पंथ देवासारखा धावून येतो. पण त्यात एक टोक हलवलं की दुसऱ्या टोकाचं फेरूलही बदलावं लागतं, आणि ते दुसरं टोक नेमकं कुलूपबंद खोलीत असतं. माझं मत पहिल्या पंथाला. पत्ते बदलतात. नाव बदललं नाही की निदान चौकशी करता येते.

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर तीन गाड्यांचा अपघात झाला आणि २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या जोडणीतलं. पूर्वी एकदा सर्किटमध्ये केलेला बदल सदोष होता आणि त्या दिवशी फाटकाचं काम करताना केलेल्या जोडणीतही चूक झाली. फाटकाजवळच्या पेटीत वायरींवरची नावं प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हती आणि ही विसंगती वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ही बातमी वाचली त्या दिवशी शॉपमध्ये फेरुलांवरून कुणी कुणाची चेष्टा केली नाही.

वायरींच्या नावांत सगळा घोळच असतो असं नाही. कॉन्टॅक्टरची कॉइल ए१-ए२. १३-१४ म्हणजे एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट, २१-२२ म्हणजे एरवी मिटलेला. ओव्हरलोड रिलेचा ट्रिप होणारा कॉन्टॅक्ट ९५-९६. नांदेडहून आलेला आयटीआयचा पोरगा, बिहारचा हेल्पर आणि स्टुटगार्टचा इंजिनिअर यांना एकमेकांचं एक वाक्य कळत नसताना "नाइन्टीफाइव्ह-नाइन्टीसिक्स" म्हटलं की तिघांचे हात एकाच स्क्रूकडे जातात. एवढं एकमत मी दुसऱ्या कुठल्या विषयावर पाहिलेलं नाही.

आणि या जोडण्यांमागचा विचार बघितला तर माणूस थक्क होतो. स्टॉपचं बटण घ्या. आपल्याला वाटतं, ते दाबल्यावर मशीनला थांबण्याचा हुकूम जातो. प्रत्यक्षात स्टॉपच्या बटणातून सप्लाय सतत वाहत असतो आणि बटण दाबून आपण तो तोडतो. का, तर त्या बटणाची वायर उंदराने कुरतडली तरी मशीन थांबावं. हुकूम चालू राहण्यासाठी लागतो, थांबायला लागत नाही. तसंच टाकीची पातळी किंवा भट्टीचं तापमान सांगणाऱ्या सिग्नलचं. तो ४ ते २० मिलिअँपिअरचा. टाकी रिकामी असेल तर ४. शून्य नाही. शून्य आलं तर टाकी रिकामी नाही, वायर तुटली आहे. सांगण्यासारखं काही नाही आणि सांगणाराच उरला नाही, यांतला फरक ज्या माणसाच्या लक्षात आला, तो नक्की घरी फोन करणारा असणार.

वायरी कमी करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांत पूर्वी रिलेंनी गच्च भरलेली कपाटंच्या कपाटं असत, आणि गाडीचं मॉडेल बदललं की त्यांची वायरिंग तरी नव्याने करायची, नाहीतर ती भंगारात घालायची. १९६८ च्या नववर्षदिनी डिक मॉर्ली या अभियंत्याने यावरच्या यंत्राचं टिपण लिहिलं. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग नेमकं असंच काहीतरी शोधत होता. त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पहिल्या पीएलसींपैकी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) एक आला. ८४ का, तर मॉर्लीच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. आता रिलेंमधली सगळी गुंतागुंत प्रोग्रॅममध्ये गेली. त्यातला मला आवडणारा भाग असा की प्रोग्रॅमचं रूप मुद्दाम इलेक्ट्रिशियनच्या शिडीसारख्या ड्रॉइंगचंच ठेवलं, म्हणजे त्याला नवीन काही शिकावं लागू नये. पण वायर गेली का? प्रत्येक सेन्सर, प्रत्येक बटण, प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या वायरी घेऊन पीएलसीच्या दारात आला. गर्दी रिलेंकडून उठून कार्डांकडे गेली, एवढंच.

आता शीर्षकातल्या सैल वायरीकडे येतो. वायर बांधायला आपण केबल टाय वापरतो. तो मॉरस लोगन या माणसाने केला. बोइंगच्या कारखान्यात विमानाच्या वायरींचे जुडगे मेणाच्या दोरीने गाठी मारमारून बांधताना लोकांच्या बोटांचे हाल व्हायचे, ते त्याने पाहिलं होतं. १९५८ मध्ये त्याच्या थॉमस अँड बेट्स कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे टाय जन्माला आला तो कामगाराची बोटं वाचवायला. आज पॅनेलमध्ये हात घातलेल्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याच्या मनगटावर जे ओरखडे दिसतात, ते तिरकस कापलेल्या टायच्या टोकांचे.

टाय दर दोन इंचांवर, कचकचून आवळलेला, सगळ्या वायरी काटकोनात वळलेल्या, एकीच्या मापाची दुसरी. फोटोला याच्यासारखं काही नाही. मलाही नवखेपणी अशी पॅनेलं फार आवडत. पुढे साइटवर जायला लागल्यावर आवड पातळ झाली. अशा जुडग्यातली एक वायर शोधायची म्हणजे सगळे टाय कापायचे. मोटर किती करंट घेते ते बघायला क्लॅम्प मीटर काढावा, तर त्याचा जबडा वायरीभोवती जायला जागाच नाही. लगपाशी तार तुटली तर थोडं कापून नवीन लग मारावा, पण वायर इतकी मोजून कापलेली की अर्धा इंच गेला तर टर्मिनलपर्यंत पोचत नाही. नवीन ड्राइव्हची टर्मिनलं जुन्यापेक्षा बोटभर खाली असली की संपलंच. आणि भौतिकशास्त्रही सैलपणाच्या बाजूचं आहे. गच्च बांधलेल्या वायरींना उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्यांच्यातून करंटही कमीच न्यावा लागतो. मामांच्या त्या वीतभर वायरीचं उत्तर हे. ती आजच्या पॅनेलसाठी नसतेच. पाच वर्षांनी, रात्री दोन वाजता, चाकणच्या कुठल्यातरी शेडमध्ये, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून उभ्या असलेल्या माणसासाठी ती असते.

रिकाम्या जागेचंही तेच. समजूतदार ग्राहक ऑर्डरमध्येच लिहितो: २० टक्के टर्मिनलं स्पेअर, डक्ट गच्च भरायचे नाहीत, प्लेटवर जागा सोडायची. मग फाइल पर्चेसकडे जाते. पर्चेसवाला विचारतो, "ही जी रिकामी टर्मिनलं आहेत, त्यांचेही पैसे लावलेत तुम्ही?" पेटी आठशेची सहाशे रुंद होते आणि कागदावर बचत दिसते. वर्षभराने त्याच कंपनीत आणखी एक पंप येतो. त्याचा कॉन्टॅक्टर बसवायला जागा नसते, म्हणून बाजूला छोटी पेटी लटकते. तिला सप्लाय द्यायला पत्र्यात भोक पाडलं जातं. पेटी आयपी ५४ ची होती, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे यांच्यापासून सुरक्षित. त्या भोकाने धूळ, पाणी आणि पाल तिघांनाही समान हक्क मिळतो. पालीला पॅनेल आवडतं, आत ऊब असते आणि किडे असतात. बिचारीला बसबार म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ब्रेकडाऊन रिपोर्टवर कारण लिहिलं जातं: "लिझार्ड". पर्चेसचं नाव त्यात येत नाही.

मग येते तात्पुरती वायर. ती हमखास लाल असते, डक्टच्या बाहेरून तिरकी जाते आणि तिच्यावर फेरूल नसतं, कारण "उद्या काढायचीच आहे". कुठल्याही जुन्या पॅनेलमध्ये मूळच्या उपकरणांइतकीच निष्ठेने काम करणारी ही एकच गोष्ट. तिला काढायचं धाडस कुणात नसतं. ती काय करते ते माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ड्रॉइंगवर ती नसते.

ड्रॉइंग ठेवायला दाराच्या आतल्या बाजूला एक खिसा असतो. त्यात काय काय सापडतं ते लिहायला वेगळा लेख लागेल: जुने फ्यूज, तंबाखूची पुडी, गेट पास, एका ठिकाणी दहावीची अख्खी प्रश्नपत्रिका. खंडेनवमीला पॅनेलची पूजा होते. दाराला गंधाचं स्वस्तिक, आयसोलेटरच्या हँडलला झेंडूचा हार. सुकलेल्या पाकळ्या पुढच्या शिमग्यापर्यंत खालच्या डक्टमध्ये निघत राहतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षातून एक दिवस का होईना, सगळा कारखाना त्या पेटीला नमस्कार करतो. त्याच दिवशी खिशातलं ड्रॉइंग काढून त्यावर वर्षभरातले बदल लाल पेनाने लिहून ठेवले, तर पूजा पुरी झाली असं मी म्हणेन.

हे सगळं कारखानदारांपुरतं आहे असं समजून पान उलटू नका. तुमच्या इमारतीत पाण्याच्या पंपाचं पॅनेल आहे, लिफ्टचं आहे, कदाचित जनरेटरचंही आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचा विषय संपला (तो संपत नाही, पण समजा संपला), तर सेक्रेटरींना एवढंच विचारा: आपल्या पॅनेलचं ड्रॉइंग कुठे आहे? नसेल तर पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा त्याला तासाभराचे पैसे जास्त द्या. त्याच्याकडून वायरींना नंबर घालून घ्या, भोकं बुजवून घ्या आणि एक कागद काढून घेऊन खिशात ठेवा. त्याने नवीन वायर टाकताना वीतभर जास्त सोडली तर बिलावरून भांडू नका. पॅनेलचं दार मात्र स्वतः उघडायला जाऊ नका. आत ४१५ व्होल्ट असतात, आणि पालही असू शकते.